सभासद क्रमांक सदतीस

मनुष्य पुढे काय करणार हे आधी सांगता येते या श्रद्धेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्योतिष्यांचे, सावकारांचे आणि वधूवरसूचक मंडळांचे योगक्षेम चालत आले आहेत. अलीकडे त्या व्यवसायात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची भर पडली आहे. पूर्वीच्या लोकांना निदान जन्मवेळ तरी विचारावी लागे. या नव्या दैवज्ञांना तुम्ही मोबाइलवर काय बोलता, केव्हा बोलता आणि मुख्य म्हणजे कोणाच्या बोलण्यात तोंड घालता, एवढे पुरते. माझा भाचा या शास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असून त्यास प्रबंधासाठी ‘ऑनलाइन समुदायांतील वापरकर्त्यांच्या वर्तनाचे प्रतिमान’ असा विषय मंजूर झाला, तेव्हा तो पेढे न आणता लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आला, आणि त्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या इतिहासातील शास्त्रीय कालखंडास आरंभ झाला.

“म्हणजे नेमके काय करायचे रे?” सौ.ने विचारले.

“मामी, ग्रुपवर लोक केव्हा बोलतात, कशावर बोलतात, कोणाला उत्तर देतात आणि केव्हा गप्प बसतात, याचे गणित मांडायचे. मग उद्या कोण काय बोलेल ते आधीच सांगता येते.”

“त्याला गणित कशाला? मला विचार. उद्या तुझे मामा…”

येथे मी चहाची आठवण करून देऊन विषयांतर केले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ज्यांनी लिहिला त्यांनी सर्वसाधारण सभेची सूचना, गणपूर्ती, इतिवृत्त इत्यादींची तरतूद मोठ्या दूरदृष्टीने करून ठेवली. परंतु जी सभा पहाटे साडेपाचला सुरू होते आणि मध्यरात्रीनंतरही तहकूब होत नाही, जिला अध्यक्ष नसतो, आणि जिच्यात सूचकाने तोंड उघडण्यापूर्वी विरोधक बोलून मोकळा होतो, अशा सभेची कल्पना त्या सत्पुरुषांना सुचणे शक्य नव्हते. व्हॉट्सॲप २००९ साली अमेरिकेत निघाले, २०१४ साली ते फेसबुकने विकत घेतले, आणि त्यानंतर थोड्याच काळात आमच्या सचिवांनी ‘केवळ महत्त्वाच्या सूचनांसाठी’ या नावाने सोसायटीचा समूह स्थापन केला. नावातील ‘केवळ’ हा शब्द अद्याप तसाच आहे.

मासला म्हणून एकच प्रसंग देतो. सचिवांनी एका सायंकाळी अशी सूचना दिली की, “उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी बंद राहील.” महसूल खात्यात हयात घालवल्यामुळे संदिग्ध वाक्ये ओळखण्यात, किंबहुना ती लिहिण्यात, मी चांगला मुरलेलो आहे; या वाक्यात संदिग्ध असे काही नाही हे मी शपथेवर सांगू शकेन. तथापि पहिल्या मिनिटात अंगठे आले. दुसऱ्या मिनिटात ‘गरम पाणीसुद्धा बंद का?’ असा प्रश्न आला. पाठोपाठ ‘दोन्ही विंग का?’ आणि ‘दहा म्हणजे सकाळचेच ना?’ हे उपप्रश्न आले. मग पाण्याचा विषय निघालाच आहे तर असावे म्हणून कोणीतरी तांब्याच्या भांड्यातील पाण्याचे गुणधर्म सांगणारा, मारुतीच्या शेपटाएवढा मजकूर पुढे ढकलला. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या समूहासाठी योजलेला वाढदिवसाचा केक चुकून येथे अवतरला, आणि तो पाहून शिष्टाचारास जागणाऱ्या सभासदांनी, वाढदिवस कोणाचा याची चौकशी न करता, शुभेच्छांचा वर्षाव केला, ज्यांचा स्वीकार अखेर सचिवांनीच, वाद नको म्हणून, केला. मग टाकी धुण्याच्या खर्चाचा विषय निघाला, खर्चावरून मागील समितीचा निघाला, मागील समितीवरून आवारातील मोकळ्या जागेचा निघाला, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास पार्किंगचे युद्ध पेटले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता नळ कोरडे पडताच समूहावर संतप्त पृच्छा झाली: “पाणी का नाही? आधी कळवायची पद्धत आहे की नाही?” पृच्छक तेच, ज्यांनी आदल्या सायंकाळी सर्वांत आधी अंगठा दिला होता. सचिवांनी निळ्या खुणांचा पुरावा सादर केला. त्यावर, “अंगठा दिला होता, पण वाचले नव्हते,” अशी कैफियत रुजू झाली आणि ती बहुतेकांना समाधानकारक वाटली.

ही सामग्री भाच्यास हवी होती. समूहातील संभाषण साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घेण्याची सोय व्हॉट्सॲपमध्येच आहे. परंतु सभासदांची संमती घेतल्यावाचून त्या फाइलीस हात लावायचा नाही असा मार्गदर्शक प्राध्यापकांचा दंडक होता, सबब व्यवस्थापक समितीची सभा भरली. तीत आमच्या विंगमधील निवृत्त प्राचार्यांनी ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ याचा उल्लेख केला, आणि कायद्याचे नाव बरेच लांब असल्याकारणाने सभा काही काळ गंभीर झाली. खजिनदारांनी “यात संस्थेला काय मिळणार?” असा प्रश्न विचारला, जो ते सर्व विषयांवर विचारतात, श्रद्धांजलीच्या ठरावावरही. अखेरीस सर्व नावे गाळून त्यांच्या जागी क्रमांक घालावेत, क्रमांकांची यादी कोणासही दाखवू नये, आणि अहवालाची एक प्रत संस्थेच्या दप्तरी जमा करावी, या अटींवर संमती मिळाली. गोपनीयतेचा हा चोख बंदोबस्त अहवालाच्या पहिल्या मसुद्याचे पहिले पान उलटेपर्यंत टिकला. ‘सभासद क्रमांक बारा यांचे संदेश एकादशीस व विजेचे बिल येण्याच्या दिवशी विशेष प्रखर असतात,’ हे वाक्य बारा क्रमांकांच्या पत्नीनेच सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले आणि वर “अगदी खरे” असा शेरा मारला.

आरंभी भाच्याने समितीस एक सोपा नियम सांगितला. याकोब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने २००६ साली असे लिहून ठेवले आहे की, अशा समुदायांत साधारणतः शंभरातील नव्वद लोक नुसते वाचतात, नऊ लोक अधूनमधून बोलतात, आणि उरलेला एक बोलतच राहतो. हा नियम ऐकताच तो ‘एक’ कोण हे विचारण्याची कोणास आवश्यकता भासली नाही. सबंध समितीने एकाच दिशेस पाहिले, आणि त्या दिशेस बसलेले गृहस्थ, आपल्या पाठीमागे कोण आले आहे हे पाहण्यासाठी, वळून बघू लागले. मी स्वतः नव्वदांतला. महिनोन्‌महिने तोंड न उघडता केवळ साक्षीभावाने वाचणाऱ्या त्या संयमी वर्गात आपली गणना होते याचे मला मनातून समाधान वाटले, आणि ते मी सौ.स बोलूनही दाखवले. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा तिचे प्रतिमान तयार झालेले असते.

यानंतर भाच्याने जे शास्त्र बाहेर काढले ते रशियन होते. एका संदेशामागून दुसरा कोणत्या प्रकारचा संदेश येईल हे मांडण्यासाठी आंद्रेई मार्कॉव्ह या गणितीची साखळी वापरतात. या मार्कॉव्हने १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातील पहिली वीस हजार अक्षरे घेऊन स्वरामागे व्यंजन किती वेळा येते आणि व्यंजनामागे स्वर किती वेळा, याची मोजदाद केली. काव्याचा इतका निरुपद्रवी उपयोग आमच्या समूहात कधी झालेला नाही. परंतु त्याहून मला भावली ती या साखळीच्या जन्माची हकीकत. मॉस्कोत नेक्रासॉव्ह नावाचे एक धर्मनिष्ठ गणिती होते. त्यांचे म्हणणे असे की, मोठ्या संख्यांचा नियम परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या घटनांनाच लागू पडतो. माणसांच्या कृत्यांच्या आकडेवारीत तो नियम दिसतो. अर्थात माणसांची कृत्ये स्वतंत्र इच्छेने होतात. हे सेंट पीटर्सबर्गमधील मार्कॉव्हच्या कानी पडताच त्याचा पारा चढला, आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटनांनाही तोच नियम लागू करता येतो हे १९०६ साली सिद्ध करून त्याने नेक्रासॉव्हच्या युक्तिवादाचा पायाच काढून घेतला. म्हणजे माणसे एकमेकांस उत्तरे कशी देतात याचे गणित मुळात एकाने दुसऱ्यास दिलेल्या चोख उत्तरातून जन्मास आले आहे. त्या काळी व्हॉट्सॲप असते तर दोघांपैकी एकाने समूह सोडला असता आणि गणिताचे अपरिमित नुकसान झाले असते.

या साखळीचे मुख्य कलम असे की, पुढे काय होणार हे केवळ आताच्या अवस्थेवर ठरते. तत्पूर्वी काय घडले याची तिला स्मृती नसते.

“म्हणजे मागचे काहीच लक्षात ठेवायचे नाही?” मी विचारले.

“नाही मामा. फक्त आताचा संदेश.”

“मग ही साखळी आमच्या सोसायटीतली नव्हे.”

भाचा हसला, परंतु चारच दिवसांत त्याचा चेहरा उतरला. पाचव्या मजल्यावरून आलेल्या साध्या ‘नमस्कार’ला चौथ्या मजल्यावरून उत्तर का येत नाही याचे कारण त्या नमस्कारात नव्हते, तर २०११ च्या पावसाळ्यात वरच्या स्नानगृहातून खालच्या देवघरात उतरलेल्या ओलीत होते. ‘गणपतीची वर्गणी जमा करावी’ या वाक्याने ‘बी’ विंग का खवळते हे समजण्यास त्याआधीच्या तीन समित्यांचे हिशेब ठाऊक असावे लागतात, जे त्या समित्यांनाही ठाऊक नाहीत. भाच्याने साखळीची स्मृती एका संदेशावरून दोनावर, दोनावरून पाचावर नेली. प्रत्येक पायरीस अवस्थांची संख्या गुणाकाराने फुगत गेली, संगणकाचा पंखा घोंघावू लागला, आणि अखेर सौ.ने त्याच्या शेजारी बसून ‘हे त्यांच्याशी बोलत नाहीत’, ‘यांच्या मुलाचे त्यांच्या पुतणीशी ठरले होते’, ‘हे सर्वांशी बोलतात पण ते मनावर घ्यायचे नसते’ अशी जबानी दिली, तेव्हा कुठे प्रतिमानाचा श्वास मोकळा झाला. प्रबंधात या योगदानाचा उल्लेख ‘क्षेत्रीय तज्ज्ञाचे साहाय्य’ असा आहे.

पुढचा प्रश्न वेळेचा. संदेश केव्हा येतात? भाच्याने मला बोर्टकिएविच नामक संख्याशास्त्रज्ञाचे उदाहरण दिले. प्रशियन सैन्यात घोड्यांच्या लाथांनी दरवर्षी किती सैनिक दगावतात याच्या नोंदी घेऊन या गृहस्थाने १८९८ साली असे दाखवले की, अशा विरळ व परस्परांशी संबंध नसलेल्या अपघातांची वाटणी प्वासाँच्या सूत्राबरहुकूम होते. मी म्हटले, अरे, होणारच. घोडे एकमेकांच्या लाथा वाचत नाहीत. एका घोड्याने लाथ मारताच दुसऱ्याने ‘पूर्ण सहमत’ म्हणून लाथ मारावी, तिसऱ्याने ‘हे येथे बोलण्याची आवश्यकता होती का?’ म्हणून मारावी आणि चौथ्याने कशाबद्दल चालले आहे हे न पाहता हात जोडलेले चित्र टाकावे, अशी वहिवाट अश्वजातीत नाही. भाच्याने हे मान्य केले. माणसांचे व्यवहार एकसारखे ठिबकत नाहीत, ते झुंडीने येतात आणि मग दीर्घ शांतता पसरते, हे बाराबाशी या शास्त्रज्ञाने २००५ साली मांडले. आणि त्याच सुमारास त्याने एका सहकाऱ्यासह डार्विन व आइन्स्टाइन यांच्या पत्रव्यवहाराचा हिशेब काढला, तेव्हा त्या थोरांनीही बहुतेक पत्रांना चटकन उत्तरे पाठवली असून काहींना मात्र दीर्घकाळ ताटकळत ठेवले होते असे आढळले. ही माहिती समितीपुढे द्यावयास नको होती. हिशेबाची मागणी केली की आमचे खजिनदार हल्ली “आइन्स्टाइनसुद्धा…” अशी सुरुवात करतात.

झुंडीच्या या नियमास एकच अपवाद निघाला, तो सुप्रभातीचा. भारतीयांच्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी फोन भरून वाहू लागल्याचे वृत्त २०१८ साली अमेरिकन वृत्तपत्रात झळकले होते, आणि ती चित्रे हुडकून काढून टाकण्याची सोय गुगलने आपल्या फाइलींच्या ॲपमध्ये करून दिली होती. त्याच वर्षी अफवांना आळा घालण्याकरिता, भारतात कोणताही संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, असे व्हॉट्सॲपचे फर्मान सुटले. दुसऱ्या मजल्यावरील काकूंनी ते शांतपणे वाचले आणि दुसऱ्या दिवसापासून पाच-पाचांच्या पंगती बसवून सर्वांना सूर्योदय व गुलाबाचे फूल वाढावयास आरंभ केला. भाच्याच्या आलेखात ही एकच रेषा सरळ आहे. तिच्याकडे बघून त्याच्या प्राध्यापकांचे डोळे भरून आले असे तो म्हणाला.

आता पार्किंग. माइक गॉडविन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९० साली असा नियम सांगितला की, जालावरील कोणतीही चर्चा लांबत गेली म्हणजे तीत कोणीतरी कोणाची तरी हिटलरशी तुलना करण्याची संभाव्यता एकाच्या जवळ जवळ जाते. आमच्याकडे हिटलरला जागा मिळत नाही, कारण ती जागा मोटारींनी अडवलेली आहे. टाकी, लिफ्ट, कुत्रे, कोजागरीचे दूध, योगवर्ग, मतदारयादी, कोठूनही निघा, संभाषण पुरेसे लांबले की ते पार्किंगला येऊन थांबते, आणि थांबते तेही दुसऱ्याच्या जागेत. एकदा एका सभासदांनी आपल्या मातोश्रींच्या प्रकृतीस आराम पडल्याचे कळवले होते. त्याखाली ‘देवाची कृपा’ असे सहा, ‘काळजी घ्या’ असे चार, आणि ‘रुग्णवाहिका आली तेव्हा तिला उभी राहायला जागा होती का, याचा सर्वांनी विचार करावा’ असा एक संदेश आला. पुढचे सांगत नाही.

अशा युद्धांत पूर्वी एक भव्य क्षण असे. अपमानित सभासद समूह सोडून जात, आणि ‘अमुक यांनी समूह सोडला’ ही ओळ सर्वांच्या पडद्यावर उमटे. मग मनधरणी होई, सन्मानाने पुनरागमन होई, आठवडा बरा जाई. २०२२ साली व्हॉट्सॲपने नियम बदलून सोडून गेल्याची वर्दी फक्त ॲडमिनला मिळेल असे केले, आणि मानी माणसाची प्रेक्षकसंख्या एकदम एकावर आली. त्यामुळे हल्ली कोणी समूह सोडत नाही. ‘मी हा समूह सोडत आहे’ असा दीर्घ संदेश लिहून, त्यावर कोण काय म्हणते हे पाहण्यासाठी थांबतात. क्रमांक बारा असे गेल्या दिवाळीपासून थांबले होते.

एवढी सामग्री हाती आल्यावर भाच्याने संगणकात आमची प्रतिसोसायटी वसवली. या पद्धतीची गंगोत्री म्हणजे टॉमस शेलिंग. या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ च्या सुमारास पटावर नाणी मांडून व सरकवून असे दाखवले की, आपल्या शेजारी थोडी आपल्यासारखी माणसे असावीत एवढी माफक इच्छा प्रत्येकाने धरली तरी सबंध वस्ती हळूहळू दुभंगते. पुढे २००५ साली त्यास नोबेल मिळाले. ‘ए’ आणि ‘बी’ विंगमध्ये हे आम्ही नाण्यांवाचून करून दाखवले आहे, पण ते असो. भाच्याच्या संगणकात कृत्रिम सचिव सूचना देत, कृत्रिम काकू फूल धाडत, कृत्रिम बारा थांबून राहत, आणि मध्यरात्रीच्या आत कृत्रिम पार्किंग पेटे. एके रात्री त्याने प्रयोग म्हणून आज्ञावलीत आवार दुप्पट केले. भांडणे घटली नाहीत. त्याने प्रत्येक सदनिकेस दोन-दोन जागा देऊन पाहिल्या, तेव्हा लिफ्टजवळच्या जागा कोणाच्या यावरून रणे माजली. शेवटी त्याने सर्व मोटारीच काढून घेतल्या, आणि पहाटे तीन वाजता मला उठवून विचारले, “मामा, मोटारी नसताना हे लोक पार्किंगवर का बोलताहेत?” मी म्हणालो, “हक्क सोडला असे होऊ नये म्हणून,” आणि कूस बदलली.

दरम्यान समूहात निराळेच संकट ओढवले होते. आपला अभ्यास होत आहे ही वार्ता सर्वत्र पसरताच अभ्यासण्याजोगे वर्तन नाहीसे झाले. अमेरिकेतील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ पासून प्रयोग चालले होते तेव्हा दिवे वाढवले तरी कामगारांचे काम वाढे आणि दिवे कमी केले तरी वाढे, कारण कोणीतरी आपल्याकडे बघत आहे याचेच त्यांना अप्रूप होते, असे सांगतात. आमच्याकडेही हेच झाले. शिवराळ म्हणून ख्यात असलेले सभासद ‘आपल्या मताचा आदर राखून’ असे लिहू लागले. कधी न बोलणाऱ्यांनी, आपली गणना मुक्यांत होऊ नये म्हणून, लिफ्टच्या अंतर्गत सजावटीवर अभिप्राय दिले. आणि सचिवांच्या सूचनांत एकाएकी ‘उपरोल्लिखित’ हा शब्द दिसू लागला. त्यातच अध्यक्षांनी उत्साहाच्या भरात, प्रतिमानानुसार जो सर्वाधिक विधायक संदेश पाठवील त्यास प्रजासत्ताकदिनी प्रशस्तिपत्र देण्याचे जाहीर केले. एखादे माप उद्दिष्ट झाले की ते मापाच्या लायकीचे राहत नाही, असा इशारा चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ सालच्या एका निबंधातून दिलेला आहे. तो निबंध अध्यक्षांच्या वाचनात नसावा. ‘धन्यवाद’ हा शब्द प्रतिमानाने विधायक ठरवला असल्याचे कुठूनसे बाहेर फुटले, आणि दोन दिवसांत समूहावर धन्यवादांची अशी अतिवृष्टी झाली की, त्याखाली गॅस गळतीची एक खरोखर महत्त्वाची सूचना वाहून गेली. ती सूचना देणाऱ्यासही चौदा जणांनी, न वाचता, धन्यवाद दिले.

अखेर अहवाल तयार झाला. मी तो पाने उलटीत प्रसन्न चित्ताने वाचीत होतो. क्रमांक चार, क्रमांक नऊ, क्रमांक एकवीस, प्रत्येकाचे चित्र इतके हुबेहूब उतरले होते की भाच्याचा अभिमान वाटावा. मग ही नोंद आली: ‘सभासद क्रमांक सदतीस. स्वतः होऊन कधीही विषय काढत नाहीत. इतरांच्या संदेशात ऱ्हस्वदीर्घाची चूक आढळल्यास शुद्ध रूप लिहून पाठवतात. संदेशाच्या आशयाशी संबंध ठेवत नाहीत. आगीच्या बंबास पाचारण करणाऱ्या संदेशातील वेलांटीही त्यांनी दुरुस्त केली आहे. भाकीत: सर्वांत सोपे.’

“हा कोण रे विक्षिप्त मनुष्य?” मी विचारले.

भाचा खिडकीबाहेर बघू लागला. सौ. म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी सांगत होते.”

मी निक्षून सांगितले की मी नव्वदांतला आहे, मौनी आहे, साक्षी आहे. आणि शुद्धलेखन म्हणजे बोलणे नव्हे, ते सार्वजनिक आरोग्याचे काम आहे. भाचा म्हणाला, “मामा, रागावू नका. एकूण प्रतिमानाची अचूकता मुख्यतः तुमच्यामुळेच वर गेली.” त्याच सायंकाळी समूहावर सचिवांचा संदेश आला: “उद्दा पाणि बंद राहिल.” तीन शब्दांवर तीन गुन्हे. मी ते वाचले, फोन पालथा ठेवला आणि ज्ञानेश्वरी उघडली. प्रतिमान खोटे पाडण्याची ही सुवर्णसंधी होती. मानवी इच्छा स्वतंत्र आहे हा नेक्रासॉव्हचा पक्ष माझ्या एकट्याच्या जिवावर तगून होता. कोणीतरी अन्य सुशिक्षित मनुष्य दुरुस्ती करील अशी माझी आशा होती; निवृत्त प्राचार्य जागे होते, त्यांच्या खोलीतला दिवा मला दिसत होता. नऊ वाजले. दहा वाजले. ‘राहिल’मधील ती ऱ्हस्व वेलांटी अंधारात माझ्यासमोर उभी राहिली. सौ. शांतपणे झोपली होती. अकरा वाजून काही मिनिटांनी, केवळ लहान मुले समूह वाचतात आणि त्यांच्यावर अनिष्ट संस्कार होऊ नयेत या भावनेने, मी लिहिले: “उद्या. पाणी. राहील.”

तत्क्षणी सबंध समूह जागा झाला. दोन्ही विंगमधून अंगठे उसळले, हसून रडणारे चेहरे आले, क्रमांक बारा यांनी आपले थांबणे रद्द केल्याचे घोषित केले, आणि चौथ्या मजल्याने पाचव्या मजल्यास २०११ नंतर प्रथमच टाळी दिली. तो संदेश भाच्याने सचिवांकडून हेतुपुरस्सर लिहवून घेतला होता, आणि मी किती वाजता पाघळेन यावर पैजा लागल्या होत्या. पैजेची रक्कम खजिनदारांकडे जमा होती. ती अद्याप त्यांच्याकडेच आहे; आइन्स्टाइनसुद्धा पत्रांना वेळ लावीत असे. प्रतिमानाचे भाकीत पावणेअकराचे होते, ते चुकले. अकरा वाजून पाच मिनिटे, असे एकाच व्यक्तीने सांगितले होते, आणि ती व्यक्ती माझ्या शेजारी डोळे मिटून पडली होती.

भाच्यास प्रबंधाबद्दल उत्तम श्रेणी मिळाली असून अहवालाची प्रत ठरल्याप्रमाणे संस्थेच्या दप्तरी दाखल आहे. ज्या वाचकांना आपापल्या सोसायटीच्या उपयोगार्थ तिची नक्कल हवी असेल त्यांनी आमच्या सचिवांकडे साध्या कागदावर अर्ज करावा. अर्जात पार्किंगचा उल्लेख करू नये, आणि ‘विनंती’तील पहिली वेलांटी ऱ्हस्व व दुसरी दीर्घ काढावी, कारण आवक टपाल हल्ली माझ्या हातून जाते.